यादीत नसलेले घर

लॅपटॉप उठायला दहा मिनिटे घेत असे. चंपतराव येळणे त्याला घाई करत नसत. बटण दाबले की दोन्ही हात मांडीवर ठेवून ते आतल्या पंख्याची घरघर ऐकत बसत. थंड पडलेला बॉयलर तापायला आठ-आठ तास घेतो, त्यापुढे दहा मिनिटे म्हणजे काय, असे त्यांचे म्हणणे.

पडदा उजळला की ते खालच्या कोपऱ्यातल्या खुणेवर टिचकी मारत. मग शेजारपाजारच्या वायफायची यादी उघडे. 'ओम साई ७०१'. 'देशमुख होम'. 'टायगर'. 'अश्लेषा ७०४'. 'मम्मी का ढाबा'. बेसा रोडवरच्या त्या दहा मजली इमारतीत येऊन त्यांना चार महिने झाले होते. इतक्या दिवसांत चार माणसांशीही धड बोलणे झाले नव्हते, पण यादीतली नावे पाठ झाली होती. 'टायगर' सकाळी नऊला नाहीसा होई आणि संध्याकाळी सहाला परत येई. घरातून निघताना कोणीतरी मेन स्विच बंद करून जात असावे. त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल चंपतरावांना आदर वाटे.

एकच घर त्या यादीत नव्हते. ज्या घरात ते बसले होते, तेच.

सातशे तीन नंबरच्या त्या घरात वायफाय नव्हते असे नाही. टीव्हीच्या वर, भिंतीवर, चार शिंगे उभारलेला नवा पांढरा राऊटर होता. त्याच्यावर टीव्ही चाले. मुलाचा फोन, सुनेचा फोन, सुनेच्या मनगटावरचे घड्याळसुद्धा चाले. चंपतरावांचा लॅपटॉप त्याच्यापासून पाच हातांवर होता. तो सगळ्या इमारतीची नावे घेई आणि या घराचे तेवढे घेत नसे.

लॅपटॉप तेरा-चौदा वर्षांचा. मुलगा स्वानंद इंजिनीअरिंगला होता तेव्हाचा. त्याने नवा घेतला आणि हा बापाकडे आला. बॅटरी कधीच मेली होती. वायर भिंतीत असेपर्यंत जीव, वायर निघाली की जागच्या जागी डोळे मिटणार. त्यामुळे त्याला उचलून कुठे नेता येत नसे. हॉलमधल्या दिवाणाशेजारच्या सॉकेटपाशी त्याचे ठाणे होते. दिवाणावर चंपतरावांचे.

एरवी त्यांना वायफायची पर्वा नव्हती. लॅपटॉपवर ते पत्ते खेळत, जुने फोटो पाहत, आणि दुपार सरली की बंद करत. पण सोमवारी सकाळी नत्थूचा फोन आला. नत्थू म्हणजे त्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार, आमच्याच गावचा.

"चंपत, गुरुवारी अकरा वाजता कमिटी बसून राहिली. पंपावर मानूस ठेवाचा हाय. तुह्यं नाव मी टाकलं."

"मले न विचारता?"

"तुले विचारलं असतं त तू पोराले विचारलं असतं. आन पोरगं नाई म्हणलं असतं."

हे खरे होते. आदल्याच महिन्यात गावी परतायची गोष्ट निघाली तेव्हा स्वानंद जेवताना नाही म्हणाला होता, आणि भाताचे ताट तसेच ठेवून उठला होता.

"सरपंचबाई म्हणते, मानूस समोर पाहिजे," नत्थू म्हणाला. "मी म्हटलं, थो नागपुरात सातव्या मजल्यावर टांगून हाय. त म्हणे, कम्प्युटरवर दिसला तरी चालते. तुह्याजवळ हाय ना थो डब्बा?"

"हाय."

"मंग त्याच्यात वायफाय घाल आन दिस. मीटिंगचा नंबर लिहून घे."

चंपतरावांनी कॅलेंडरच्या पाठीमागे तो नंबर लिहून घेतला. मोठा फोन असता तर प्रश्नच नव्हता. पण तो मागच्या वेळी चक्कर येऊन पडले तेव्हा फुटला होता. त्यानंतर मुलाने मोठ्या बटणांचा साधा फोन आणून दिला होता. त्यात आवाज येतो, चेहरा येत नाही.

आमचे गाव पारशिवनीच्या अंगाला. विहिरीचे पाणी गोड, त्याची कीर्ती चार गावांत. गेल्या वर्षी गावात नळ आले. टाकी उभी राहिली, पंपहाऊस झाले, आणि चावी ज्याच्या हातात गेली त्याने आपल्या आळीला दीड तास आणि खालच्या आळीला वीस मिनिटे पाणी सोडले. बायका दोनदा रिकाम्या घागरी घेऊन पंचायतीत येऊन बसल्या. आता गावाला असा माणूस हवा होता, ज्याच्या हाताला कोणाची ओढ नाही. आणि चंपतरावांना ते गाव हवे होते. बायको गोपिका गेल्यानंतर तिथल्या घरात ते दोन वर्षे एकटे राहिले, स्वतः रांधून जेवले. पण नुसते घर असून माणूस तिथे राहत नाही, त्याला सकाळी उठून जायला एक जागा लागते. पंपहाऊस ही ती जागा होती. गुरुवार चुकला तर ती दुसऱ्याला जाणार होती, आणि मग सातव्या मजल्यावरून खाली उतरायला त्यांच्याजवळ काही कारण उरणार नव्हते.

मग उतरत का नव्हते? दाराला कुलूप नव्हते. दाराला लाल कार्ड होते.

ते समजायला थोडे मागे जावे लागते.

एकोणीस वर्षांचा असताना चंपत कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. एके दिवशी पट्टा अडकला. अंकुश नावाचा त्याच्याच वयाचा गडी आत हात घालून अडकलेले कापसाचे पुंजके ओढत होता. तो आत आहे हे मुकादमाला दिसले नाही. मुकादम लांबूनच ओरडला, चालू कर. चंपतने स्विच दाबला. अंकुशचा उजवा हात कोपरापासून गेला. त्याने चंपतला कधी शिवी दिली नाही. पुढे कोणाच्या लग्नात पंगतीला समोर आला तर डाव्या हाताने जेवे, आणि चंपतचा घास तोंडातच फिरत राही.

दोन वर्षांनी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात एका वयस्क ऑपरेटरने त्याच्या हातात लाल पुठ्ठ्याचे कार्ड दिले. यंत्राच्या आत कामाला जाणाऱ्या माणसाने ते आपल्या नावाने त्याच्या स्विचवर टांगायचे. ज्याचे नाव, त्यानेच ते काढायचे. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, साहेब आला तरी नाही. चंपतने ते कार्ड उलटेपालटे करून पाहिले. एवढासा पुठ्ठा. तेवढा जिनिंगमध्ये असता तर.

पुढची छत्तीस वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या कार्डाला बोट लावले नाही. निवृत्त झाले तेव्हा कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा आठवण म्हणून घरी आणला. तो ट्रंकेत गोपिकाच्या शालूशेजारी राहिला.

गावी ते एकदा बांधावर पडले, एकदा बसस्टँडवर. स्वानंद येऊन त्यांना ट्रंकेसकट नागपूरला घेऊन गेला. पहिल्याच आठवड्यात ते एकटे भाजी आणायला खाली उतरले आणि गेटपाशी कोसळले. वॉचमनने धरून वर आणले. त्या संध्याकाळी स्वानंदचा चेहरा पांढरा पडला होता. ट्रंक उघडून त्याने एक लाल कार्ड काढले, त्यावर स्वतःचे नाव लिहिले आणि बाहेरच्या जाळीच्या दाराच्या कडीला दोऱ्याने बांधले.

"हे माह्यं कार्ड, बाबा," तो म्हणाला.

सून करिष्मा हसली. चंपतरावही हसले. पोराने बापाची विद्या बापावर चालवली, याचे थोडे कौतुकच वाटले. सकाळी ते उठून दारापाशी गेले तर कार्ड तिथेच होते. दुसऱ्या दिवशीही होते.

दुसरे कार्ड राऊटरवर लागले. निजायला जाताना घरातले सगळे स्विच बंद करत जायची चंपतरावांची जुनी सवय. दुपारच्या झोपेआधी त्यांनी राऊटरही बंद केला, आणि आत करिष्माची त्या दिवशी घरूनच हापिसातली मीटिंग चालू होती. संध्याकाळी स्वानंदने त्याच्या एका शिंगाला कार्ड अडकवले. दवाखान्यात जायचे असले की स्वानंद कडीवरचे कार्ड स्वतः सोडी, परत आल्यावर स्वतः बांधी. विनोद संपला होता, कार्ड राहिले होते.

दिवसा आतले लाकडी दार वाऱ्यासाठी उघडे असे. चंपतराव जाळीआड दिवाणावर बसत. लिफ्ट वर येई, खाली जाई. तिचा आवाज ऐकून ती कोणत्या मजल्यावर थांबली हे त्यांना कळू लागले होते.

मंगळवार असाच गेला. त्यांनी लॅपटॉप सहा वेळा बंद करून चालू केला. बाजूचे वायफायचे सरकते बटण पुढे-मागे केले. यादी तीच.

बुधवारी बारा वाजता समोरच्या सातशे चारमधली मुलगी पार्सल घ्यायला बाहेर आली. तिशीची, केस वर बांधलेले, घरूनच काम करणारी. जाळीआड लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघून ती थांबली.

"काका, रोज इथंच बसलेले दिसता. कॉरिडॉरमध्ये या ना, छान हवा आहे."

"कार्ड हाय."

तिने वाकून कडीकडे पाहिले. "हे? हा तर कागद आहे."

"पुठ्ठा हाय."

"कुलूप नाही?"

"कुलूप असतं त तोडलं असतं मी."

ती हसली. मग तिला कळले की म्हातारा हसत नाही. चंपतरावांनी तिला कार्डाचा नियम सांगितला. ऐकता ऐकता तिची शहरी भाषा गळून पडली.

"बाप्पा! मंग पोरानं तुमाले पुठ्ठ्यानं बांधून ठेवलं?"

"कुठची वं तू?"

"रामटेकची. गडाच्या पायथ्याशी घर हाय आमचं. माझं नाव अश्लेषा."

"सातशे चार," चंपतराव म्हणाले. "यादीत हाय तुह्यं नाव. रोज वाचतो."

त्यांनी लॅपटॉप वायरीच्या टोकापर्यंत ओढून तिच्याकडे वळवला. अश्लेषाने जाळीतून पाहिले, दोन-चार प्रश्न विचारले आणि स्वतःचा फोन काढला.

"काका, तुमचं घर माझ्या यादीत दिसते. हे पाहा." तिने फोन जाळीला टेकवला.

इंग्रजी अक्षरांत लिहिले होते: 'क्वार्टर १४६'.

चंपतरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. खापरखेड्याच्या कॉलनीतले त्यांचे क्वार्टर. दोन खोल्या, मागे सीताफळाचे झाड, तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज सकाळी राखेची बारीक पूड. स्वानंद तिथेच रांगला, तिथेच शिकला. क्वार्टर सोडल्यावर त्याने त्या जागेचे नावही काढले नव्हते. आणि ते नाव चार महिने त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, हवेत फिरत होते.

"मले काहून दिसत नाई मंग?"

"तुमचा लॅपटॉप जुना आहे ना. नवा राऊटर दोन आवाजांत बोलतो. एक बारीक आवाज, खूप वेगाचा. एक जाड, जरा हळू. तुमच्या लॅपटॉपले फक्त जाड आवाज ऐकू येते. आन तुमच्या राऊटरचा जाड आवाज बंद करून ठेवला आहे. वेग पाहिजे म्हणून करतात लोक. सेटिंगमध्ये जाऊन चालू केला की दोन मिनिटांचं काम."

चंपतरावांनी मागे वळून राऊटरकडे पाहिले. शिंगाला लाल कार्ड.

"त्याच्यावरबी पोराचं कार्ड हाय."

अश्लेषाने कपाळाला हात लावला. "बरं, मग माझं घ्या. माझ्याकडं जुना प्रिंटर आहे, त्याच्यासाठी मी दोन्ही आवाज चालू ठेवते. वायफाय हवेतून येते, त्याले तुमच्या कार्डाची अडचण नाही."

"दुसऱ्याच्या फिडरवरून लाईन घ्याची त परवानगी लागते."

"दिली ना."

"तोंडी नाई चालत, बाई. लिहिलेलं परमिट लागते, काम झालं की वापस कराचं."

ती आत गेली आणि एक चिठ्ठी घेऊन आली. त्यावर लिहिले होते: 'सातशे तीनच्या काकांना माझे वायफाय वापरायची परवानगी आहे. अश्लेषा. बुधवार, दुपारी साडेबारा.' खाली पासवर्ड. चंपतरावांनी ती दोनदा वाचली, वेळ घातली आहे का ते पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

एका बोटाने पासवर्ड टाकायला त्यांना बराच वेळ लागला. दोनदा चुकला, कारण पहिले अक्षर मोठे होते. तिसऱ्यांदा नावाखाली 'जोडले' अशी अक्षरे आली. चंपतराव हलले नाहीत. यंत्र चालू झाले की थोडा वेळ नुसते ऐकायचे असते.

पण मीटिंगचे पान उघडेना. धोक्याची खूण येई आणि सगळे अडे.

"घड्याळ पाहा काका, कोपऱ्यात. तारीख काय आहे?"

"एक जानेवारी दोन हजार बारा."

"त्याची आतली छोटी बॅटरीपण मेली. मग वायर काढली की थो आपल्या जन्माच्या तारखेले जाऊन बसते. तारीख दुरुस्त करा, नाही तर पुढचं पान उघडणार नाही."

दोन हजार बारा. चंपतराव त्या आकड्याकडे पाहत राहिले. त्या जानेवारीत ते जनरल शिफ्टला होते, गोपिका अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती, स्वानंद सुट्टीला घरी आला होता. लॅपटॉप रोज सकाळी तिथे जागा होत होता आणि त्यांनी कधी कोपऱ्यात पाहिले नव्हते. त्यांनी बाणावर बोट ठेवले. वर्षे एकेक करून पुढे गेली. निवृत्तीचे गेले. पुढची गेली. एका वर्षावर बोट थांबले, त्या वर्षी गोपिका गेली होती. समोर अश्लेषा जाळीला हात लावून उभी होती. मग त्यांनी तेही वर्ष ओलांडले आणि आजच्या तारखेपाशी आले.

पान उघडले.

गुरुवारी मी आमच्या पंचायतीत भिंतीला टेकून उभा होतो, म्हणून पुढचे मला नीट माहीत आहे. अकरा वाजता पंचायतीतल्या टीव्हीवर चंपतराव दिसले. पांढरा सदरा, गळ्याशी बटण लावलेले, मांडीवर हात. फोटो काढायला बसवलेल्या माणसासारखे. नत्थू सगळ्यात पुढे खुर्ची ओढून बसला होता.

सरपंच दिपालीताई पस्तिशीच्या, बोलायला सरळ. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"काका, समजा खालच्या आळीची पाईपलाईन खोदून ठेवली हाय, मानूस खड्ड्यात उतरून जोड लावून राहिला. तेवढ्यात वरच्या आळीतून एखादा मोठा मानूस आला आन म्हणाला, पंप चालू कर, माह्या घरी लगन हाय. काय करसान?"

"खड्ड्यातला मानूस वर आला का?"

"नाई आला."

"मंग नाई करत."

"तुमचा सगा भाऊ असला त?"

"भाऊ असला त त्याले सांगीन, थ्या खड्ड्यातल्या मानसाले विचारून ये. स्विचवर त्याचं कार्ड राहीन. थो वर येऊन आपल्या हातानं काढन, तवा चालू होईन."

कमिटीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. खालच्या आळीची पुष्पलताबाई नुसती "बस" म्हणाली आणि पदर सावरून बसली. तिथेच काम झाले होते.

तेवढ्यात दिपालीताईंनी पडद्याकडे बोट केले. "काका, तुमच्या मागं थ्या दाराले लाल लाल काय लटकून राहिलं?"

चंपतरावांनी मागे पाहिले नाही. "कार्ड."

"कोनाचं?"

"पोराचं."

नत्थू जोरात हसला. "पाहा बाप्पा! बह्याड मानसाले त्याच्याच पुठ्ठ्यानं डांबून ठेवलं!" पण दुसरे कोणी हसले नाही, आणि पडद्यावरचा माणूस तसाच मांडीवर हात ठेवून बसून होता. नत्थूचे हसू अर्ध्यात विझले.

"कवापासून येता?" दिपालीताईंनी हळू विचारले.

"कार्ड निघालं की."

"कवा निघन?"

"ज्याचं हाय त्याले विचारा लागन."

"सोमवारपर्यंत थांबतो, काका. पंप बंद ठेवता येत नाई. मंग दुसरा पाहा लागन आमाले."

टीव्ही बंद झाला. नत्थू उठून बाहेर गेला आणि बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिला.

त्या संध्याकाळी जे झाले, ते चंपतरावांनी मला पंपहाऊसच्या पायरीवर बसून सांगितले. त्यात मी माझे काही घातलेले नाही.

साडेसहाला स्वानंद आणि करिष्मा बरोबरच घरी आले. चंपतरावांनी त्यांना चहा पिऊ दिला. कप खाली ठेवल्यावर सगळे सांगितले. स्वानंदची कानशिले लाल झाली.

"कोनी दिलं तुमाले वायफाय?"

चंपतरावांनी खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. स्वानंदने वाचली. करिष्माला हसू आवरेना, ती स्वयंपाकघरात गेली.

"बाबा, तिथी चक्कर आली त कोन हाय?"

"नत्थू हाय. पंपहाऊसच्या समोर त्याची खाट हाय, दिवसभर थो तिच्यावरच असते."

"आन दवाखाना? पारशिवनी जाईपर्यंत..."

"आन इथी आली त?" चंपतराव म्हणाले. "तू नऊ ते साडेसहा हापिसात. हे कार्ड मले धरून ठेवते, स्वानंद. पडताना धरत नाई."

करिष्मा दारात येऊन उभी राहिली. "गोळी बदलल्यापासून एकदाही चक्कर आली नाही त्यांना," ती म्हणाली. "दोन महिने झाले. डॉक्टर पण म्हणाले होते, चालू-फिरू द्या."

"तू मधात नको बोलू."

"मधात नाही बोलत. दिवसभर घरी असते तेव्हा मी पाहते त्यांना. तू नाही पाहत."

खाली कुठेतरी लिफ्टचे दार उघडले आणि मिटले. चौथा मजला, चंपतरावांना कळले.

ते उठले. दिवाणाला धरून, डॉक्टरांनी सांगितले होते तसे, आधी बसून, मग उभे राहून. जाळीच्या दारापाशी गेले. कार्डाला हात न लावता त्यांनी बोट त्याच्या जवळ नेले.

"तू ह्याच्यावर नाव लिहिलं. काम नाई लिहिलं. वेळ नाई लिहिली. आमच्या इथं असं अर्धं कार्ड कोनी लटकवलं त त्याले बोलावून भरून घेत. मी चार महिने वाट पाह्यली, तू भरशीन म्हणून." त्यांनी सदऱ्याचे पेन काढून पुढे केले. "भर. काम काय चालू हाय, आन कवा संपन. मंग मी काई म्हणत नाई."

"बाबा, हे काय लावलं..."

"भर."

स्वानंदने पेन घेतले. दार अगदी त्याच्या तोंडाशी होते. कार्डावर चार ओळी छापलेल्या. पहिल्या ओळीवर त्याचे नाव, चार महिन्यांत पुसट झालेले. दुसरी ओळ, काम. मग त्याने लिहिले: बाबा. सुरू झाल्याची वेळ, तिथे त्याने ज्या दिवशी बाप गेटपाशी पडला ती तारीख घातली. ती त्याला आठवावी लागली नाही. मग पेन चौथ्या ओळीवर आले. काम संपण्याची वेळ.

पेनाचे टोक पुठ्ठ्यावर टेकले आणि तिथेच राहिले. शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्या ओळीवर लिहिण्यासारखी एकच वेळ होती, आणि ती स्वानंदच्या हाताला लिहिता येईना.



स्वानंदने पेन खाली घेतले. कार्डाचा दोरा सोडू लागला. चार महिने घट्ट बसलेली गाठ, निघता निघेना. करिष्माने कात्री आणली.

"कापाचं नाई," चंपतराव म्हणाले. "ज्यानं बांधलं त्यानं सोडाचं."

नखाने, दाताने, मग पुन्हा नखाने. गाठ सुटली तेव्हा स्वानंदचे डोळे भरले होते आणि तो रागानेच बोलला, "सोमवारी मी गाडीनं सोडून देतो. गोळ्यांचा डब्बा मी भरीन. रोज रात्री फोन करा लागन, आन तोंड दाखवा लागन. नुसता आवाज नाई चालत."

"त्याच्यासाठी वायफाय लागते," चंपतराव म्हणाले. "तिथी पंचायतीत हाय, पन सोमवारपर्यंत इथीच घरच्यावर शिकून घेतो. दुसरंही कार्ड काढ."

राऊटरवरचे कार्ड स्वानंदने एका झटक्यात काढले. फोनवर काहीतरी केले. राऊटरचे दिवे गेले, आले. चंपतराव दिवाणावर बसून यादीकडे पाहत होते. 'ओम साई ७०१'. 'देशमुख होम'. 'टायगर' परत आला होता. मग यादी एकदा हलली आणि सगळ्यांच्या वर एक नवे नाव येऊन बसले. क्वार्टर १४६.

"पासवर्ड काय हाय?"

"तुमचा टोकन नंबर, बाबा," स्वानंद भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "वीजकेंद्रातला."

तो त्यांना विचारावा लागला नाही. छत्तीस वर्षे रोज गेटवर सांगितलेला नंबर त्यांनी एका बोटाने टाकला. पहिल्याच वेळी लागला.

मग ते उठून दारापाशी आले. कडी उघडी होती, नुसती. ते तिथे उभे राहिले. करिष्मा म्हणाली, जा ना बाबा. पण पाय उचलेनात. त्यांनी कडीकडे पाहिले, वर पाहिले, खाली पाहिले. कार्ड निघाले तरी ऑपरेटर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी सगळे बघून घेतो. मग त्यांनी चपला घातल्या, जाळी ढकलली आणि बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये खरोखरच चांगली हवा होती.

सातशे चारची बेल त्यांनी एकदाच वाजवली. अश्लेषाने दार उघडले, तर म्हातारा बाहेर उभा, आणि मधे जाळी नाही. चंपतरावांनी तिची चिठ्ठी पुढे केली. पाठीमागे त्यांनी लिहिले होते: 'काम झाले. गुरुवार, सात वाजून पाच मिनिटे.' खाली सही.

"परमिट वापस कराचं होतं, बाई," ते म्हणाले. "तुही लाईन मोकळी हाय."